आठ बॉक्सचा शत्रुघ्न

आमच्या चांदीप गावात लिहिण्यासारखी बरी माणसं पुष्कळ आहेत, पण मला लिहिता येईल असा शत्रुघ्न एकटाच. तो कळायला फार डोकं लागत नाही. आणि माझ्याकडे ते फार आहे असंही नाही.

काळूरामचा हा धाकटा मुलगा. काळूरामकडे दोन कर्णे आणि एक जुनं मशीन होतं. सत्यनारायण असो की साखरपुडा, आंब्याच्या फांदीला कर्णा बांधून तो खाली बसायचा. लग्नात बायका धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायच्या ते पलीकडच्या पाड्यापर्यंत शब्दाशब्दानं ऐकू जायचे. शत्रुघ्नला या कर्ण्यांची लाज वाटायची. तशी त्याला बऱ्याच गोष्टींची वाटायची. बापाच्या टोपीची, भातशेतीची, आमच्या बोलण्याची. आपल्या अर्धवट शिक्षणाची मात्र कधी वाटली नाही. विरारला कॉलेजच्या दारात दोन वर्षं उभं राहून तो परत आला, तेव्हा त्याच्याकडे काळा चष्मा होता आणि ‘एस. के. साउंड’ अशी छापलेली कार्डं होती. साउंड अजून यायचा होता.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीला मान जास्त, आणि हळदीला डीजे पाहिजेच असं तोवर ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं कोण जाणे. मांडवात शिरल्यावर पोरं नवऱ्याकडे बघत नसत, आधी बॉक्स मोजत. दुसऱ्या दिवशी नाक्यावर जेवणाची चौकशी नाही, मुलीची नाही. ‘कितीचा होता?’ एवढंच. चारचा म्हटलं की ऐकणारा त्या घराची कीव करायचा.

त्या वैशाखात शांतारामच्या मुलाची, मितेशची हळद होती. शांतारामचं घर आमच्याकडे मोठं. त्याच्या मांडवात जो वाजवील त्याला आसपासचा सगळा हंगाम मिळणार हे उघड होतं. त्यानं शत्रुघ्नला बोलावून सांगितलं, “कामनच्या डीजेवाल्याला सोडून काम तुला देतो. गावचा पोरगा हाईस म्हनून. माझं नाक कापलंस तर चांदीपात परत वायर टाकू देनार नाय.”

झालं. काळूरामनं कर्णे आणि मशीन विकलं, वर भिशीचे पैसे घातले. तेवढ्या पैशांत नवा सेट येणं शक्यच नव्हतं, म्हणून बापलेक जुना शोधायला निघाले. सोबत मला घेतलं. खरेदीला एक म्हातारा बरोबर असला की भाव नीट होतो अशी आमच्याकडे समजूत आहे. म्हाताऱ्यानं बोलायचं नसतं. ते मला जमतं.

आधी गेलो वसईला ऑगस्टीनकडे. चर्चच्या सणाला, लग्नांना वाजवणारा माणूस, आता धंदा आवरत होता. त्यानं अंगणात दोन बेस, म्हणजे धमधम करणारे मोठे बॉक्स, आणि त्यांच्यावर शब्द ऐकवणारे दोन छोटे टॉप लावले आणि माइक आत बायकोच्या हातात दिला. बर्था स्वयंपाकघरातून म्हणाली, “चहा ठेवलाय. साखर किती घालू?”

कुंपणाबाहेरून सायकलवर जाणारा एक जण म्हणाला, “बाई, कमीच घाला.”

ऑगस्टीन हसला. “बघ. गाणं पण वाजेल आणि माणूस पण ऐकू येईल. तुमच्या मांडवाला भरपूर झालं.”

“चारच?” शत्रुघ्न म्हणाला.

“चार पुरतात रे.”

“वाजायला पुरतील. दिसायला नाय पुरनार.”

ऑगस्टीननं माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो. चांगला होता.

तिथून कामणला, गोदामांच्या मागच्या एका शेडमध्ये. तिथे आठ उंच काळे बॉक्स भिंतीला टेकवून ठेवले होते, कडेनं रंगीत दिव्यांच्या माळा. शेडवाला निदान प्रामाणिक होता. म्हणाला, चारात स्पीकर आहेत, चार नुसते प्लायचे. टॉप नाहीत. जाळी सगळ्यांना सारखी. पैसे ऑगस्टीनएवढेच. शत्रुघ्ननं कलिंगड निवडावं तसं एकेका बॉक्सवर टिचकी मारली आणि मान डोलवली. रिकाम्या बॉक्सचा आवाज त्याला जास्त आवडलेला दिसला.

“नाना, कसे वाटतात?”

“चार रिकामे आहेत,” मी म्हणालो.

“ते तुमाला म्हाईत. गावाला कुटं म्हाईत? टेन्शन नका घेऊ.”

काळूराम काहीच बोलला नाही. तोही त्या दिवशी म्हाताराच होता.

हळदीच्या संध्याकाळी मांडवाच्या दोन बाजूंना चार-चार बॉक्स उभे राहिले. पोरांनी मोजले, बोटं वर केली. शांताराम पाहुण्यांना उगाच त्या बाजूनं फिरवून आणू लागला. मग कमळीकाकी धवले म्हणायला बसली. आमच्या गावची सगळी लग्नं तिच्या गळ्यातून गेलेली. तिनं माइक घेतला, आणि बॉक्समधून नुसतं हूं हूं आलं, जशी म्हैस पाण्यात बसून रेकते आहे. मागच्या बायकांना ओळ कळेना, त्या गप्प झाल्या.

“शत्रुघन्या, माजा आवाज खाल्लास काय रं?” कमळी म्हणाली.

“काकी, तुमचं झालं आता. पोरं खोलंबल्यात.”

त्यानं गाणं लावलं. ताटल्या थरथरल्या, छातीत धाडधाड व्हायला लागलं, आणि मंडळींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. गाणं कोणतं होतं ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही.

नाच रंगात आला की एखाद्यानं बॉक्सवर चढून नाचायचं ही नवी रीत. नवऱ्याचा मामेभाऊ संकेत चढला. दोन उड्या मारल्या, आणि वरचं प्लाय फुटून कमरेपर्यंत आत गेला. जाळी सुटली. बॉक्स वाऱ्यानं पडू नये म्हणून आत भाताच्या तुसाच्या गोणी भरल्या होत्या. त्यातली एक फुटली आणि तूस भळाभळा मांडवात आलं, नवऱ्याच्या पाटापर्यंत.

शत्रुघ्ननं गाणं बंद केलं. चष्मा काढला. काळूराम खांबाला धरून उभा होता. शांताराम आला, मूठभर तूस उचललं, पाहिलं.

“असे किती?”

“चार.”

मला वाटलं, आता कानाखाली बसते. मनातून मला ते चाललं असतं. शांतारामनं मागे वळून पाहुण्यांकडे पाहिलं.

“चादर टाका त्याच्यावर,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पाहुने बघतायत. आनि वाजव तू. आठ लावलेस ना? मग आठच हायत.”

चादर टाकली. तूस झाडलं. पोरं पुन्हा नाचली, संकेतसुद्धा.

सकाळी मी काळूरामच्या ओटीवर होतो तेव्हा चंदनसारचे दोघे आले. रात्री हळदीला होते, तूस पाहून पोट धरून हसलेही होते. घरी मुलीची हळद होती.

“आमच्याकडं दहा लावशील काय?” त्यातला थोरला म्हणाला.

“वाजते चारच हायत,” काळूराम मध्येच म्हणाला. निदान तो तरी खरं बोलला.

“असू दे की. भिंत मोठी दिसली पायजे.”

शत्रुघ्ननं दहाचं भाडं सांगितलं.

“रिकाम्याचं कसलं भाडं?”

“दिसायचं भाडं हाय ते, भाऊ.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यांना ते पटलं, आणि त्यांनी बयाणा दिला. त्या वैशाखात त्याची एकही संध्याकाळ रिकामी गेली नाही. कमळीला बोलवायला मात्र कोणी आलं नाही. माइकवर ती ऐकू येत नाही, असं लोक म्हणत होते.