मिठाचा काटा

तांडेल सर गेल्याचं शाळेच्या शिपायाने सांगितलं, तेव्हा मी सातवीच्या फळ्यावर कमळ काढत होते. चार दिवसांचा ताप आणि माणूस संपला... खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. कलकत्त्याचं उत्तर यायचं होतं, आणि हे गृहस्थ खुशाल निघून गेले!

हरेश्वर तांडेल आमच्या पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी चित्रकला. किनाऱ्यावरच्या नवापूर गावातल्या मासेमार घरातला हा माणूस मासे सोडून किड्यांच्या मागे लागला, म्हणून आम्ही त्यांची चेष्टा करायचो. पाम गावाजवळच्या ओहोळावर त्यांना एक कॅडिस माशी सापडली होती. तिची अळी पाण्यात वाळूचे कण जोडून स्वतःपुरती पिशवी करते. पुढे पंख फुटून बाहेर पडणारा जीव तांदळाच्या कणीएवढा. ही जात अजून कुणी नोंदलेली नाही, अशी सरांची खात्री. पण कलकत्त्याच्या तज्ज्ञांनी कळवलं, माद्यांवरून ठरवता येत नाही, नराच्या शेपटाकडचे चिमटे पाहायला हवेत. उन्हाळ्यात ओहोळ आटत आला तरी नर मिळेना. शेवटी एका रविवारी एकच मिळाला. किडे टिकवायचं स्पिरिट संपलेलं, म्हणून तो नवापूरच्या घरी पाण्याच्या वाटीत ठेवून सर ते आणायला बोईसरला गेले. परत येऊन पाहतात तो वाटी रिकामी, आणि त्यांचा नर ओटीवर जवळ्याशेजारी फडक्यावर वाळतोय!

"ओला जीव कोनी असा ठेवतो काय रं?" सरांच्या आईने उलट त्यांनाच झापलं. "सडला असता. मी मीठ लावून वालत घातला."

सोमवारी सर तो काड्यापेटीतून शाळेत घेऊन आले. मी म्हटलं, झालं, संपलं. त्यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला चित्र काढायला बसवलं. मी मधल्या पायावर तीन काटे काढले. असल्या माशीला तिथे दोनच असतात; तीन म्हणजे जात नवीच, प्रश्नच मिटला. सर आनंदाने उभेच राहिले... मग खाली बसले आणि पायावर पाण्याचा थेंब सोडला. तिसरा काटा विरघळला. मिठाची कणी होती ती! मी रबर उचललं, तर म्हणाले, "राहू द्या, बाई. चुकलेलंही दिसू दे." आणि शेजारी लाल शाईने लिहिलं, 'मीठ'. नंतर शेपटाचं टोक कॉस्टिक सोड्यात उकळलं. मऊ भाग गेला, टणक तेवढा उरला, आणि आत वळलेले, कुठल्याच नोंदीत नसलेले चिमटे लख्ख दिसले. आईने खारवला म्हणून टिकला, हे सर मग वर्गावर्गांत सांगत फिरले. नरासोबत नवं चित्र कलकत्त्याला गेलं, चुकलेलं माझ्याकडे राहिलं.

सर गेल्यावर बाराव्या दिवशी उत्तर आलं. नवी जात मान्य झाली होती, वर्णन सरांच्या नावानेच छापणार होते. मी पत्र घेऊन नवापूरला गेले. आई जवळा निवडत होती. सर गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हती. पत्र वाचून दाखवलं, तरी तिने मान वर केली नाही. मग मी ते जुनं चित्र पुढे केलं आणि लाल अक्षरं वाचली.

"माजं मीठ?" तिने कागदावर बोट ठेवलं. "माज्या पोरानं लिवलंय?"

"हो."

"आनि खोडलं नाय?"

"मी खोडत होते. त्यांनी खोडू दिलं नाही."

कागद मी तिथेच ठेवून आले. गेल्या रविवारी पुन्हा गेले, तर तो ओटीवर जवळ्याच्या टोपलीच्या वर भिंतीला लावलेला होता, आणि आई शेजारणीला तिसरा काटा दाखवत होती.