कापलेलं नाव

जुन्नरात हरवलेली कुठलीही गोष्ट आमच्या पत्रिकावाल्या चाचांकडे सापडते; फक्त ती कधीतरी त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी झालेली हवी. उभा जन्म लग्नपत्रिका छापण्यात घालवून हा माणूस साठीनंतर हट्टानं प्रोग्रामिंग शिकला. कारण काय, तर कॉम्प्युटर कॉपी केलेली एकच गोष्ट ध्यानात ठेवतो, दुसरी कॉपी केली की पहिली गेलीच. "नवं पावणं आलं म्हणून आधीच्याला पाटावरून उठवायचं? ही काय रीत झाली, राव?" असं म्हणत त्यांनी खपून एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा संच, लिहिली. ती क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथं तात्पुरतं राहतं तिथं, पहारा देते आणि कॉपी केलेला, कापलेला शब्द न् शब्द नोंदवून ठेवते. गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि चाचा त्याला पिंपळवंडीच्या कुणाच्या तरी जुन्या बारशाचा मजकूर दाखवतायत, हे रोजचंच. नोंदीतली एक ओळ पुसतील तर शपथ! मी त्यांची फार टिंगल करायचो.

मग माझ्या पोरीचं लग्न ठरलं. पत्रिका वाटून झाल्या आणि डिंभ्याहून मेव्हण्यांचा फोन आला. "मामाचं नावच न्हाई. आमी येऊन काय करायचं?" मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? बायकोनं अन्न सोडलं. मी तणतणत दुकानात गेलो आणि चाचांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी नोंद उघडली. मेव्हण्यांचं नाव होतं, कापलेलं. पुढच्याच ओळीत कार्यालयाचा पत्ता, कॉपी केलेला. मग मला आठवलं. मामाचं नाव सगळ्यात वर नेतो म्हणून चाचांना बाजूला सारून मीच कीबोर्ड घेतला होता. तेवढ्यात कुणीतरी फोनवर पत्ता मागितला, तो कॉपी करून पाठवला आणि नाव विसरलो ते विसरलोच.

"चला डिंभ्याला," चाचा लॅपटॉप काखोटीला मारून म्हणाले. एसटी आलीच नाही. "एसटी न्हाई तर न्हाई, टेम्पो हाय की!" टोमॅटोच्या क्रेटांवर बसून आम्ही पोचलो. मेव्हण्यांनी तोंड फिरवलं. चाचांनी त्यांच्यापुढं स्क्रीन धरली. "बघा भाऊ, नाव व्हतं. वर न्यायला कापलं आन् चिकटवायचं ऱ्हायलं. चूक माझ्या हातनं झाली." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझा गुडघा दाबला.

मेव्हण्यांनी स्क्रीनवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "वर न्यायचं व्हतं व्हय?"

"पयलं!"

"मग जेवून जावा की."

मामानं पोरीला बोहल्यावर आणलं, सगळं यथासांग पार पडलं. नंतर मी चाचांना म्हटलं, त्या कापलेल्या नावाची एवढी ओळ पुसून टाका. ते म्हणाले, "पुसत मी कायबी न्हाई. पर ही ओळ आता वाचूनबी दावत न्हाई कुणाला."

अजून ते घरी आले की बायको चहा देताना टोमणा मारते, "चाचा, आमच्या भावाचं नाव खाल्लंत हो!" ते हसून मान डोलावतात. तिला खरं सांगायचं मी दर वेळी ठरवतो. चाचांचा कप रिकामा होतो आणि माझा चहा तसाच गार होऊन जातो.