रुमालाखालचा भाव

आमच्या घरात 'दलाल' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. वडील अमरावतीत वकील. दोन्हीकडून दलाली खाणारा माणूस कोणाचाच नसतो, असं ते म्हणत. ते गेले आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसचे चाळीस शेअर माझ्या नावावर आले. त्याच वर्षी धाकट्या बहिणीला नागपूरला डॉक्टरी शिकायला जागा मिळाली. महिन्याभरात फी भरायची होती आणि माझ्या अकोल्यातल्या मास्तरकीत ती बसत नव्हती. शेअर विकणं भाग होतं.

नाक मुरडतच अकोल्याच्या एका दलालाकडे गेलो. मूळचा कापसाचा दलाल. रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून भाव ठरवायचा. शेअरचे सौदेही तसेच करी. त्याने एकच अट घातली.

"मास्तर, कोणाले सांगू नका. कोण विकते अन् काहून विकते, हे बाजाराले कळलं का भाव गेला."

मला त्यात लबाडीचा वास आला. सरळ व्यवहाराला रुमाल कशाला? मग मी शहाणपणा केला. प्रेसच्या डायरेक्टरलाच, म्हणजे वडिलांच्या जुन्या पक्षकाराला, फीच्या तारखेसकट सविस्तर पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं. सहानुभूती भरपूर, भाव निम्मा.

ट्रंकेत भरलेली पुस्तकं बहिणीने परत फळीवर लावली. ते पाहून मला माझी लाज वाटली, आणि राग तर इतका आला की दोन दिवस शाळेतल्या पोरांवर निघाला.

शेवटी दलालाकडेच गेलो. "वकिलाचे पोरगे तुमी, अन् आपलीच केस समोरच्याले सांगून बसले," एवढंच तो म्हणाला. 'शेअर तुम्हाला देत नाही' असं एका ओळीचं पत्र त्याने मला डायरेक्टरला लिहायला लावलं. मग माझे कागद आणखी तिघांच्या शेअरांत मिसळून तो अमरावतीला गेला.

आठ दिवसांनी सह्या करायला मलाही तिकडे बोलावलं. सौदा झाला होता, पुऱ्या भावाने. गादीवर घेणारा बसला होता आणि तो तोच डायरेक्टर होता. कागदावरचं माझं नाव वाचून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दलालाकडे.

"यात हे मास्तरचे होते?"

"हो जी. पन हात देला ना तुमी?"

रुमालाखाली दिलेला हात वऱ्हाडात कोणी मागे घेत नसे. त्यानेही घेतला नाही.

पुढच्या सोमवारी बहीण नागपूरच्या गाडीत बसली. दलालाने स्टेशनवर यावं म्हणून मी हट्ट धरला होता. तो आला नाही. "मले तिथं पाह्यलं का लोक समजतील, पोरगी कशाच्या पैशानं चालली," तो म्हणाला होता.