तक्रार विभागातली आत्या

माझी आत्या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर लोकांचा राग झेलून घरी आली की चहा पिता पिता आम्हाला त्यांच्या नकला करून दाखवायची. तिने लग्न केलं नव्हतं. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "मला सवड कुठे आहे?"

एके दिवशी मालकांनी ठरवलं, तक्रारींची उत्तरं एआयकडून लिहून घ्यायची. ऑफिसातल्या मंडळींनी आधी हौसेने स्वतःच खटपट केली. एआयने एका बाईंना जुन्या मिक्सरच्या बदल्यात नवा फुकट द्यायचं कबूल करून टाकलं, वर माफीही मागितली. बाई पिशवी घेऊन दारात हजर. मालकांनी कपाळावर हात मारला, बाईंना मिक्सर दिला आणि या कामातल्या एका बाहेरच्या फर्मला बोलावलं.

तिकडून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. चष्मा कायम डोक्यावर, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं चष्मेवाले. कॉम्प्युटरला हात न लावता त्यांनी खुर्ची ओढली आणि आत्याशेजारी फोन ऐकत बसले.

"मला घरी बसवायला आलात ना?" आत्याने सरळ विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. चला, मालकांनाच विचारू."

दोघं तडक मालकांच्या केबिनमध्ये. मालक जरा गडबडले, पण बोलले ते स्पष्ट: साधी उत्तरं एआयने लिहायची, आत्याने वाचून पाठवायची; चिडलेल्या माणसाशी मात्र आत्यानेच बोलायचं. चष्मेवाल्यांनी ते फर्मच्या करारातच घालायला लावलं.

मग कामाला रंग चढला. झाकण उडून ज्याचं सूप छताला लागलं होतं, त्याला एआयने लिहिलं, 'आपला अनुभव आनंददायी व्हावा हीच आमची इच्छा.' आत्या हसून हसून टेबलावर आडवी. चष्मेवाल्यांनी तिची जुनी उत्तरं नमुन्यादाखल एआयला दिली, कंपनीचे नियम दिले, फुकट काही कबूल करायची मुभा काढून घेतली. हळूहळू त्याची भाषा माणसात आली. आत्या संध्याकाळी ताजीतवानी घरी यायला लागली.

काम संपलं, फर्मची माणसं गेली. चष्मेवाले मात्र "नीट चाललंय ना, बघून जातो" म्हणत येत राहिले.

"अहो, ते ठणठणीत आहे," एकदा आत्या म्हणाली. "तुम्ही खरं कशाला येता?"

त्यांचे कान लाल झाले. "तुमच्याशेजारी बसायची सवय लागलीय."

त्या दिवशी आत्याने, नोकरीत पहिल्यांदाच, वाजणारा फोन वाजू दिला.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून मालकांनी झोकात सही केली. बाबांनी चष्मेवाल्यांना बाजूला घेतलं. "आमच्या ताईपुढे बोलण्यात कोणाचा निभाव लागत नाही बरं का."

"म्हणून तर आलो," ते म्हणाले.

सह्या झाल्यावर आत्याने मला घट्ट मिठी मारली आणि कानात म्हणाली, "भूक लागलीय गं. चल, आधी जेवू."