आधी कार्ड, मग रजिस्टर

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे मी वर्ध्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागले. आम्ही चौघंच होतो. आर्वीतल्या एका खासगी दवाखान्यासाठी आम्ही पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम केला होता आणि तिथल्या लोकांना तो शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वर्ध्याशेजारच्या सिंदी मेघेत मी राहायचे, तिथून सकाळीच निघायचं, वर्ध्याच्या स्टँडवर आर्वीची एसटी धरायची.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर चौकोन काढून डेटाबेस, सर्व्हर, नेटवर्क असं तासभर बोलले. डॉक्टर लोकांनी माना हलवल्या. प्रत्यक्ष काम करणारे पाचजण मात्र खाली बघत बसले होते. त्यात रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. सगळे त्यांना काकू म्हणत, मीही म्हणू लागले.

आठवडाभरातच तक्रारी सुरू झाल्या. एका खिडकीवर भरतीच्या नोंदी आणि दुरुस्त्या व्हायच्या, दुसरीवर सुट्टीच्या, म्हणजे डिस्चार्जच्या. मधेच दोन्ही कम्प्युटर एकदम थांबायचे आणि रेकॉर्ड लॉक झाल्याचा इंग्रजी निरोप यायचा. घाबरून कोणीतरी बटण बंद करायचं आणि अर्धवट नोंदी जायच्या. मी गेले आणि जरा त्रासूनच सांगितलं की रेकॉर्ड लॉक होतं, वाट पाहायची असते. काकूंनी शांतपणे विचारलं, "कुलूप लागलं म्हणतं, त किल्ली कोणापाशी हाय?"

मला हसू आलं.

वर्ध्याला, प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या सरांना फोन करून मशीन मधेच अडकतं म्हणाले, तर ते वैतागले. कोणत्या खिडकीवर, काय उघडलं होतं, त्याआधी काय केलं होतं, हे सगळं लिहून आण म्हणाले. मला राग आला. इकडे माझं बोलणं फार अवघड होत होतं आणि तिकडे फार मोघम.

मग दोन दिवस मी वही घेऊन काकूंच्या शेजारी बसले. काही शिकवलं नाही, तिथून दिसणाऱ्या दोन्ही खिडक्यांचं काम नुसतं पाहिलं. सुट्टीच्या वेळी पेशंटच्या वयात नाहीतर पत्त्यात चूक निघायची आणि नातेवाईक दुरुस्तीसाठी पहिल्या खिडकीकडे धावायचे. म्हणजे एकाच पेशंटवर दोन्हीकडे काम चालू. पहिली खिडकी आधी पेशंटचं कार्ड उघडायची, मग वॉर्डाचं रजिस्टर. दुसरी नेमकं उलट. आणि एकीनं उघडलेलं दुसरीला उघडता यायचं नाही.

मी काकूंना म्हटलं, "एकीच्या हातात कार्ड आहे आणि ती रजिस्टरसाठी थांबली आहे. दुसरीच्या हातात रजिस्टर आहे आणि ती कार्डासाठी थांबली आहे."

काकूंनी चष्मा काढला. "हे त कागदावर होतं तेव्हाबी होत होतं. मंग मी नेमच केला. कोणीबी असो, आधी कार्ड घ्यायचं, मंग रजिस्टर. कार्ड नाई भेटलं त रजिस्टरले हात लावायचा नाई."

कॉलेजात याच अडचणीवर एक अख्खा धडा होता. त्यावरचा प्रश्न मी परीक्षेत सोडवला होता. समोर घडताना मात्र तो मला ओळखू आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी दोन कागद लिहिले. सरांसाठी खिडक्या, क्रम, कोण कशासाठी थांबतं, सगळं टप्प्याटप्प्यानं. दवाखान्यासाठी अर्धं पान, साध्या मराठीत. दुसऱ्या दिवशी सरांनी कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या खिडकीचा क्रम लगेच बदलला. इंग्रजी निरोपाच्या जागी मी 'कृपया प्रतीक्षा करा' असं घातलं होतं. काकूंना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लोकायले वाटंल प्रतीक्षा कोण्या पोरीचं नाव हाय." शेवटी पडद्यावर आलं ते असं: 'हे कार्ड दुसऱ्या खिडकीवर उघडं आहे. थोडं थांबा. मशीन बंद करू नका.'

उपाय काकूंचा आहे, हे मी सरांना सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः आर्वीला आले आणि काकूंच्या टेबलाशी खुर्ची ओढून कागदावरचं काम कसं चालायचं ते विचारत बसले. प्रोग्राम करताना आम्ही फक्त डॉक्टरांना विचारलं होतं. कम्प्युटर आला म्हणजे आपलं सगळं शिकलेलं वाया गेलं, असं इतके दिवस वाटत होतं, हे काकू त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. त्यानंतर बाकीच्यांना प्रोग्राम त्यांनीच शिकवला, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

दोन हजार सालानंतर मला पुण्यात नोकरी मिळाली. मुलाखतीत मी हीच हकिकत सांगितली होती. जायच्या आधी आर्वीला काकूंच्या घरी गेले, पाया पडले आणि नोकरी तुमच्यामुळे लागली म्हटलं.

"माह्यं काय त्यात," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात येणारे बाकीचे उभ्या उभ्याच सांगून जात होते. तू दोन दिवस बसली माह्याजवळ."

मग त्यांनी मला जेवायला बसवलं.