साठ अणूंचा चेंडू

रमाकांत सरांनी आयुष्यात फुटबॉलला एकदाच लाथ मारली, आणि तो फुटबॉल नव्हता.

१९९२ सालच्या फेब्रुवारीतला गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजले असतील. सर सिल्वासाच्या डोकमर्डी भागातल्या चाळीच्या अंगणात शिरले ते चांगली बातमी घेऊन. आनंदात होते, पायात नवे काळे बूट होते. तेवढ्यात समोरून काहीतरी पांढरं, गोल, जाळीदार असं घरंगळत आलं आणि मागून चार पोरं ओरडली, "सर! सर!" लहानपणी देवरुखच्या शाळेत ज्याला कुठल्याही संघात कधी कुणी घेतलं नाही, त्या माणसाकडे बघून पोरं असं ओरडली, की त्याला वाटणारच, आपल्याकडे पास मागतायत. सरांनी दोन पावलं मागे घेतली, चष्मा सावरला आणि लाथ घातली.

लाथ उत्तम बसली. ते पांढरं जाळीदार अंगणाच्या भिंतीवरून डौलात पलीकडे गेलं आणि गलोंड्याकडे निघालेल्या ट्रकच्या मागल्या चाकाखाली बरोबर सापडलं. कडकड असा आवाज झाला. पोरं भिंतीपाशी धावली. मग त्यांतली एक मुलगी, ममता तिचं नाव, अगदी दुखवट्याला आल्यासारखी म्हणाली, "सर, तो कार्बन होता."

आवाज ऐकून खोलीतून सुकदेव बाहेर आला. भिंतीपाशी गेला, रस्त्यावरचा चुरा बघितला, परत आला आणि म्हणाला, "बसा ना सर. कावेरी, चहा ठेव."

सुकदेवच्या बायकोने, कावेरीने, आतूनच विचारलं, "बशीत देऊ की नको? तीही गोलच, लाथ लागेल."

आता हा सुकदेव कोण ते सांगायला हवं. मूळचा पारोळ्याकडचा. दहावीत बीजगणिताने त्याला दोनदा आडवा केला, तिसऱ्यांदा तो बसलाच नाही. सिल्वासाला कारखाने धडाधड निघत होते त्या काळात, पंच्याऐंशी साली, एक ट्रंक आणि एक पत्ता घेऊन तो इकडे आला. पत्ता चुकीचा निघाला, पण नोकरी लागली. बॉलपेनच्या रिफिलीच्या नळ्या काढणाऱ्या कारखान्यात आधी हेल्पर, मग ऑपरेटर. दिवसभर मशीनच्या तोंडातून नळी येत राहायची, आणि ती सरळ येते की नाही एवढंच बघायचं. एवढ्यावर सुकदेवचं डोकं कुठलं भागायला?

मुंबईचं रविवारचं वर्तमानपत्र वापीहून इथे पोचेपर्यंत शिळं व्हायचं आणि रद्दीत त्याला मिळेपर्यंत पार वाळायचं. त्यात आतल्या पानावर कधीमधी विज्ञानातल्या नव्या शोधाची बातमी असे. सुकदेव ती कापायचा, घडी करून खिशात ठेवायचा आणि पाळीत चार-चार वेळा वाचायचा. कळली नाही तर मधल्या सुट्टीत सायकल घेऊन थेट मराठी शाळेत. तिथे विज्ञान शिकवायला बी.एस्सी., बी.एड. असे आमचे रमाकांत सर.

"सर, ओझोनला भोक पडलंय म्हणता, ते बुजवणार कसं?"

"हे अभ्यासक्रमात नाही, सुकदेव."

"मग कशात आहे?"

सर घंटा झाली म्हणून वर्गात गेले. उत्तर सुकदेवनेच पुढच्या रविवारी चाळीच्या अंगणात दिलं. मच्छरदाणी टांगली, तिच्यात चार पोरं बसवली, जाळीला एक हातभर भोक पाडलं आणि बाहेरच्या पोरांच्या हाती चिंचोके दिले. हे सूर्याचे घातक किरण, फेका! ओझोन काय करतो हे पोरांना पाच मिनिटांत समजलं. कावेरीला मच्छरदाणी कुठे गेली ते समजायला रात्र व्हावी लागली. हे सत्त्याऐंशीचं. तेव्हापासून पाच वर्षं एक रविवार चुकला नाही. विजेला अजिबात न अडवणाऱ्या नव्या पदार्थांची बातमी आली, तेव्हा त्याने पंचवीस पोरांना चाळीच्या बोळात आधी धक्काबुक्की करायला लावली, मग ओळीने पाय जुळवून चालायला. बोळ तोच, पोरं तीच. पहिल्या खेपेला ममता या टोकाहून त्या टोकाला पोचलीच नाही, दुसऱ्या खेपेला धावत गेली. "बस, हेच," सुकदेव म्हणाला. "शास्त्रज्ञांना याच्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण त्यांनाही अजून सगळं नाही. राहिलेलं तुम्ही काढा."

आणि आता हा कार्बन. कोळशाच्या खास काजळीत सापडलेला त्याचा नवाच अवतार: साठ अणू, फुटबॉलवर शिवणी असतात तसेच एकमेकांना जोडलेले, आतून पोकळ. सुकदेवने बाद झालेल्या रिफिलीच्या नव्वद नळ्या एका मापाने कापल्या, सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे तीन तोंडांचे साठ सांधे केले आणि तीन आठवडे खपून तो चेंडू उभा केला. पोरांनी फक्त घरंगळवून बघायचा, असं ठरलं होतं. तो घरंगळत होता आणि सर आले.

"बातमी काय आणली होती?" चहा पुढे करत सुकदेवने विचारलं.

सरांनी कप बाजूला ठेवला. बातमी अशी होती, की सोमवारपासून चाळीचा मालक अंगणात नव्या खोल्या बांधणार म्हणून सुकदेवचा रविवार रस्त्यावर येणार होता, आणि सरांनी शाळेचा हॉल मिळावा म्हणून हेडमास्तरांकडे शब्द टाकला होता. हेडमास्तर विश्वनाथ पाटणकर म्हणाले होते, "कारखान्यातला माणूस, दहावी नापास. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू? शनिवारी अकरा वाजता आठवीच्या वर्गापुढे एक तास घेऊ दे. पोरं बसली तर रविवारी हॉल त्याचा. उठली तर विषय संपला." आणि "तो कार्बनचा चेंडू तेवढा आणायला सांगा," असंही म्हणाले होते. तो सरांनीच भरभरून वर्णन करून त्यांच्या डोक्यात बसवला होता.

"शनिवारी," सर पुटपुटले. "चेंडूसकट."

"म्हणजे उद्याचा दिवस आहे," सुकदेव म्हणाला.

"सुकदेव, तीन आठवड्यांचं काम एका दिवसात? मी हेडमास्तरांना सांगतो, पुढच्या शनिवारी..."

"सोमवारी अंगण जातंय सर. एकदा पोरं पांगली की पुन्हा नाही येत. एक शाखा बंद केली की दुसरीकडे उघडायला आपण काही बँक नाही." सुकदेवने कप खाली ठेवला. "उद्या माझी पहिली पाळी. साडेतीनला नळ्या घेऊन येतो. शनिवारची पाळी कारखान्यातल्या समाधानशी बदलून घेतो. तुम्ही सायकलवाल्याकडची व्हॉल्वची सगळी नळी उचला."

शुक्रवारी चारला दोघं बसले. सुकदेव कापायला आणि सांधे करायला, सर जोडायला. सुकदेवने एकदा सांगितलं, "पाच काड्यांचं एक घर, त्याच्याभोवती सहा-सहा काड्यांची पाच घरं. असंच पुढे." आणि तो खाली मान घालून कामाला लागला.

इथे रमाकांत सरांमधला बी.एस्सी. जागा झाला. कार्बन म्हटलं की षटकोन! पंधरा वर्षं त्यांनी फळ्यावर कार्बनचे षटकोन काढले होते, पंचकोन एकही नाही. बिचाऱ्याने वाचताना गल्लत केली असणार. आता त्याला बोलून कशाला दुखवायचं, आधीच आपण लाथ मारून बसलोय. सरांनी मोठ्या मनाने, काही न बोलता, सुकदेवची चूक दुरुस्त केली. षटकोन, षटकोन, षटकोन. हात बसला. कावेरीने दिलेली भजी खात खात साडेसातला सरांनी शेवटची काडी खोचली आणि विजयी मुद्रेने वर बघितलं.

समोर चटई तयार झाली होती. सपाट. बसायला घ्यावी अशी.

सुकदेवने ती दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली, सुलटी केली. "सर," तो म्हणाला, "हे तुम्ही पेन्सिलीतलं शिसं बनवलंय."

खरंच होतं. सहाच्या घरांची नुसती चटई म्हणजे ग्रॅफाइट. ती सगळ्या बाजूंनी वाकत नाही. वाकायला मध्येमध्ये पाचचं घर लागतं, आणि अख्खा चेंडू मिटायला नेमकी बारा. हे कात्रणात लिहिलेलं होतं. सरांना ते कात्रण सुकदेवने महिन्यापूर्वीच वाचायला दिलं होतं. ते सरांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, धोब्याकडून इस्त्री होऊन आलेलं.

"उसवू या सगळं," सर रडवेल्या आवाजात म्हणाले.

सुकदेवने चटई पिशवीत सरकवली. "नाही," तो म्हणाला. "अशीच नेऊ."

शनिवारी अकराला आठवीची पासष्ट पोरं हॉलमध्ये खाली बसली होती. मागे, दाराला टेकून, हाताची घडी घालून पाटणकर हेडमास्तर. सुकदेवने पिशवीतून चटई काढली आणि जमिनीवर पसरली. पोरांत खसखस पिकली.

"चेंडू कुठाय?" हेडमास्तर.

"होतोय सर. आधी हे बघा, हे ग्रॅफाइट. रमाकांत सरांनी मुद्दाम करून दिलंय."

मुद्दाम! सरांचे कान तापले. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी वर्गात चूक कबूल केली नव्हती. फळ्यावर गणित चुकलं की ते "बघू या कुणाच्या लक्षात येतं," म्हणायचे. पण सुकदेव त्यांना पाठीशी घालून पुढे बोलायला लागला आणि पोरांचं लक्ष खिडकीबाहेर जायला लागलं. दोघं-चौघं उठायच्या बेतात आहेत हे सरांना मागून दिसत होतं. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं.

सर उभे राहिले. "मुद्दाम नाही," ते म्हणाले. "मी चुकलो. याने पाच सांगितले, मी सहा केले. मला वाटलं मला जास्त कळतं. आणि खरा चेंडू झालेला होता. तो परवा मी लाथ मारून ट्रकखाली घातला."

हॉलमध्ये जे काही उसळलं त्याला हास्य म्हणणं कमी पडेल. पासष्ट पोरं पुढे सरकली. "सर, खरंच लाथ?" "उजव्या पायाने की डाव्या?" "मग आता हे गोल कसं करायचं?"

"तेच!" सुकदेव कडाडला. "करा ना गोल. सरांना जमलं नाही, तुम्ही करा."

मग काय, वीस हात चटईवर. दाबून बघितली, गुंडाळून बघितली. नळी झाली, चेंडू होईना. दमले तेव्हा सुकदेव मध्ये उकिडवा बसला. सहाच्या एका घराभोवती सहा घरं होती, फुलाला पाकळ्या असाव्यात तशी. त्याने त्यांतली एक पाकळी उसवली, दोन्ही बाजूच्या पाकळ्या जवळ ओढल्या आणि जोडून टाकल्या. मधलं घर पाचचं झालं. आणि इतका वेळ निपचित पडलेली चटई त्या जागी आपली आपण वर उठली, वाटीसारखी.

पुढची पोरं गुडघ्यांवर सरकून वाकली. मागून आवाज आला, "आणि शेजारी आणखी एक पाचचं केलं तर?"

हेडमास्तर होते. हाताची घडी सुटली होती.

"शेजारी नाही सर, पाचाला पाच चिकटू द्यायचा नाही. एक घर सोडून. या, करून बघा."

पाटणकर धोतर सावरून खाली बसले. साडेबाराला शाळा सुटल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. सव्वाला शिपायाने डोकावून बघितलं, तर हॉलच्या मध्यभागी एक पांढरा, जरा पोक आलेला चेंडू उभा होता, आणि हेडमास्तर मोजत होते, "दहा, अकरा... बारावं कुठंय रे?"

"तुमच्या बोटाखाली, सर," पोरं ओरडली.

हॉल मिळाला. जाताना खिडक्या लावायच्या, एवढीच अट.

उन्हात सायकलपाशी सुकदेव पिशवी अडकवत होता. चेंडू त्याने पोटाशी धरला होता. रमाकांत सरांना बरंच काही बोलायचं होतं. पाच वर्षं "अभ्यासक्रमात नाही" म्हटल्याबद्दल, धोब्याकडे गेलेल्या कात्रणाबद्दल. त्यांतलं काहीच जमेना, म्हणून ते एवढंच म्हणाले, "सुकदेव, उद्या रविवार. मीही येतो मदतीला. येताना काय आणू?"

सुकदेवने चेंडू दुसऱ्या हातात घेतला आणि सरांच्या पायांकडे बघितलं.

"काही आणू नका सर, बूट तेवढे घरी ठेवून या."