सुपावरचं पाणी

पाइप वकीलसाहेबांनी स्वतः हातात धरला नव्हता. त्यांनी बागेच्या वॉचमनला सांगितलं.

"बसाप्पा, पाणी सोड तिथं. या उठून गेल्या तरी वास राहतो."

आम्ही उठून गेलो नव्हतो. शिरीषाच्या झाडाखाली आमच्या वस्तीतल्या बायका बिड्या वळत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. सुपात तंबाखू, कातरलेली पानं, दोऱ्याचं रीळ. मी आईच्या पाठीला टेकून शाळेचं पुस्तक वाचत होते. मी सहावीत होते.

बसाप्पा घुटमळला. "आक्का, उठा की. मी काय करू, साहेबच सांगतेत," म्हणाला आणि त्यानं पाणी झाडाच्या बुंध्यावर सोडलं.

"तिथं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "इथं."

पाणी आलं. आईनं सूप डोक्यावर धरलं. पाणी तिच्या छातीवर, पोटावर पडत राहिलं. ती ओरडली नाही. बाकीच्या बायकांनी आरडाओरडा केला, शेवंताक्कानं शिवी हासडली. आई सूप डोक्यावर धरून उभी होती. सकाळी फिरायला येणारी माणसं थांबून बघत होती. त्यात आमच्या शाळेचे एक सर होते. त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

तंबाखू भिजायची ती भिजलीच. पण आई म्हणाली ते वेगळंच.

"चल पोरी. पुस्तक भिजंल."

आमचं गाव निपाणी भागातलं. इथं आजही हवेत तंबाखू असते. वस्तीतली घरं पत्र्याची, एका खोलीची. बिडी घरात वळली की धूळ घरातच फिरते. चुलीवर, अंथरुणात, लेकरांच्या नाकात. म्हणून बायका बागेत यायच्या. बागेत वारा होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही आईला हेच सांगितलं होतं, "हे काम सुटत नसेल तर निदान उघड्यावर बसून करा." आईला ते औषधासारखं वाटलं. ती औषध घ्यावं तशी बागेत जायची.

पाण्याच्या त्या दिवसानंतर बायका मागच्या भिंतीकडे बसू लागल्या. तिथं सावली कमी होती. वर्षांमागून वर्षं गेली, साहेबांचं फिरणं कमी झालं, तशा त्या हळूहळू पुन्हा झाडाखाली सरकल्या. आई मात्र भिंतीकडेच बसत राहिली.

मी शिकले. गावातल्या कॉलेजात ग्रंथपाल झाले. आईनं मला बिडी कधी शिकवली नाही. सुपाला हात लावला की हातावर चापट मारायची. आई गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. शेवटी तिला वाक्य पुरं करण्याइतका श्वास उरला नव्हता. तिचं सूप अजून खिळ्याला टांगलेलं आहे. मला ते काढवत नाही.

हे मी सावकाश लिहिते आहे. घाईनं लिहिण्याइतकं बळ नाही.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत बातमी आली. बागेच्या जागी दुकानांची इमारत होणार. खाली गाळे, वर हॉल. सकाळी फिरणाऱ्यांनी बाग वाचवण्यासाठी समिती केली. अध्यक्ष वकीलसाहेब. आता काठी घेऊन चालतात. एक दिवस ते ग्रंथालयात माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"मॅडम, तुमच्यासारखी शिकलेली माणसं आम्हाला हवीत. आणि तुमच्या भागातल्या बायका आणता येतील का? नुसते आम्ही म्हातारे बसून काय होणार? गर्दी दिसली पाहिजे."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही. मनात झाड होतं. झाड राहिलं तर बाकीचं नंतर बघू, असं वाटलं.

वस्तीत गेले. शेवंताक्का आता सगळ्यांत थोरली. तिनं ऐकून घेतलं.

"धरणं धरू की. पर हात रिकामं ठिवून न्हाय जमायचं बाई. बिडी न्हाय तर चूल न्हाय."

"मग सूप घेऊन या."

"आणि घोषणा?"

"तोंड रिकामंच असतंय की तुझं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

अशा त्या आल्या. झाडाखाली गोल करून बसल्या, बिड्या वळत. मराठीत "बाग वाचवा", कन्नडमध्ये "उद्यान उळिसि". साहेब लोक खुर्च्यांवर, बायका जमिनीवर. रोज आल्या. एकही दिवस चुकला नाही. ऊन होतं, वारं होतं, एकदा पोलीस होते. खुर्च्या कमी होत गेल्या. जमीन भरलेलीच राहिली.

मग एका संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, उद्या बेळगावहून पत्रकार येणार, टीव्हीवाले येणार. उद्या सूप नको. विषय बागेचा आहे. बिडीचा दिसायला नको."

मी निरोप घेऊन वस्तीत गेले तेव्हा घराघरांत पानं भिजलेली होती. या कामाची रीतच तशी. रात्री पानं ओल्या पोत्यात गुंडाळायची, सकाळी कातरायची आणि त्याच दिवशी वळायची. भिजलेलं पान माणसासाठी थांबत नाही. शेवंताक्का पोत्याकडे बघत राहिली.

"जाऊ दे पानं," म्हणाली. "बाग ऱ्हाऊ दे म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी बायका धुतलेली लुगडी नेसून, रिकाम्या हातांनी बसल्या. कॅमेरे फिरले. आणि मी पाहिलं, त्यांचे हात थांबलेले नव्हते. बोलता बोलता बोटं हलत होती. अंगठा आणि दोन बोटं. पान नाही, तंबाखू नाही, तरी वळत होती. त्यांना ते कळतही नव्हतं. मला तिथं आई दिसली. दवाखान्याच्या खाटेवर, शुद्ध नसताना, चादरीच्या कडेशी तिची बोटं अशीच चालली होती.

टीव्हीवर साहेब दिसले. बायका मागे, धूसर.

बाग वाचली. इमारत रद्द झाली. बागेची देखभाल समितीकडे आली. झाडाखाली मांडव घातला, सत्कार ठेवला. बायकांना खास बोलावणं होतं. त्या आल्या, मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या. मला स्टेजवर नेलं. शाल, नारळ. वकीलसाहेबांनी माइक घेतला.

"बाग आता आपल्या ताब्यात आली. आता ती स्वच्छ ठेवायची. उद्यापासून इथं बिडी वळायला बसता येणार नाही. आरोग्याचा प्रश्न आहे. आपल्या मॅडम वस्तीत हे नीट समजावून सांगतील." आणि माइक माझ्यापुढे धरला.

टाळ्या वाजल्या. बायकांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, माझं कौतुक चाललंय. मग एकेकीचे हात थांबले. शेवंताक्काचे सर्वांत शेवटी.

माझा आवाज मुळात बारीक. ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. मी माइक घेतला.

"साहेब, याच झाडाखाली तुम्ही माझ्या आईच्या अंगावर पाणी सोडायला लावलं होतं. सूप डोक्यावर धरून उभी होती ती."

ते माझ्याकडे वळले. "कोण आई? मला आठवत नाही हो, मॅडम."

खरंच आठवत नव्हतं. खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं. मी इतकी वर्षं जे छातीवर घेऊन चालले, ते त्यांच्या एका सकाळचं फिरणं होतं.

"वैयक्तिक घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "बाग सगळ्यांची आहे."

"मी समजावणार नाही," मी म्हणाले. "आणि त्याही उठणार नाहीत."

शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. नारळ वर ठेवला. स्टेजच्या पायऱ्या उतरले. 

शेवंताक्कानं माझा दंड धरला. "लई बोललीस," म्हणाली. "आता ते पाणी सोडतील की गं."

"सोडू दे."

बिडीनं माझ्या आईची छाती खाल्ली. बिडी चांगली, असं मी कधीच म्हणणार नाही. वस्तीला दुसरं काम मिळालं तर सुपं जाळायला पहिली काडी मी लावेन. पण ते काम कुणी दिलेलं नाही. तोवर त्यांच्या वाट्याचा वारा कुणाला काढून घेऊ देणार नाही. आरोग्याचं नाव घेऊन तर नाहीच.

आज खिळ्यावरून सूप काढलं. कडेला आईनं शिवलेली चिंधी अजून आहे. तिला तंबाखूचा वास आहे. मी ती धुतली नाही.

दुपारची रजा टाकली आहे. शिरीषाखाली बायका बसल्या असतील. पाइप येईल किंवा पोलीस येतील. आले तर सूप मी डोक्यावर धरणार नाही. मांडीवरच ठेवणार.

मला बिडी वळता येत नाही. आईनं शिकू दिलं नाही. पण बसता येतं. मी बसणार आहे.